स्लॅबमधली वीट

सोमवार, ४ सप्टेंबर २००६, हॅनोव्हर

ही वही मल्हारने आणून दिली. म्हणाला, "सुनेत्रा, मी सोमवार ते शुक्रवार येनाच्या युनिव्हर्सिटीत. तुझा आठवडाभराचा राग शुक्रवारी एकदम माझ्या अंगावर येतो. थोडा इथं उतरवत जा." स्वतः भिंगांवर पीएचडी करतो आणि बायकोच्या तोंडावर उपाय काय, तर वही! बरं, लिहिते. पहिला राग त्याच्यावरच.

दुसरा डॉ. ब्रांडहोर्स्टवर. त्यांच्या ऑफिसात मला तीन वर्षं झाली. जुन्या इमारती तपासून त्या किती टिकतील हे सांगायचं, हा आमचा धंदा. शिडीवर चढते मी, मोजते मी, अहवाल लिहिते मी, सही साहेबांची. साध्या पत्रावर माझं नाव आलंच तर त्याच्याआधी 'आदेशावरून' अशा अर्थाची दोन अक्षरं लावावी लागतात. म्हणजे तोंड माझं, बोलणं त्यांचं.

माझा करार ३१ डिसेंबरला संपतो. नवा करार झाला तरच राहायचा परवाना वाढणार. मल्हारचा विद्यार्थी व्हिसा मार्चपर्यंतच आहे, म्हणजे लेक धरून आम्हा तिघांचं इथलं बस्तान सध्या माझ्या नोकरीवर आहे. हे साहेबांना चांगलं ठाऊक आहे. आज त्यांनी बोलावून लिंडहोफची फाईल माझ्यापुढे सरकवली. "फ्राऊ सुरवसे, हे काम तुम्ही एकट्या सांभाळा." त्यांना एवढं गोड बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं.

गुरुवार, ७ सप्टेंबर

लिंडहोफ बघून आले. युद्धात या शहराचा मध्यभाग पार भुईसपाट झाला होता, तो नंतर दहा-बारा वर्षांत पुन्हा बांधला. लिंडहोफ त्यातलीच. १९५३ साली एका विमा कंपनीने ऑफिसासाठी बांधलेली, आठ मजली, सपाट छताची. खिडक्या ओळीने दोनशे आठ, सगळ्या सारख्या. चार वर्षं रिकामी आहे. मालकांना ती पाडून दुकानांचं मोठं संकुल उभारायचंय. डेंकमालआम्ट, म्हणजे इथलं वारसा जपणारं खातं, म्हणतं की हे स्मारक आहे. सांगाडाच दुरुस्तीपलीकडे गेला असेल तर पाडा, नाहीतर हात लावू नका. २३ नोव्हेंबरला सुनावणी आहे. म्हणजे सगळं आमच्या गुटआख्टनवर, तपासणी अहवालावर अडलंय.

स्मारक म्हणे! आमच्या बार्शीची पंचायत समिती हुबेहूब अशी आहे. तिला कुणी स्मारक म्हटलं तर तिथला शिपाईसुद्धा हसेल. गोल जिना आणि त्याचा पितळी कठडा तेवढा बरा आहे, उतरताना हात सोडवत नाही. पण जिन्यासाठी कुणी आठ मजले ठेवतं का?

मंगळवार, १९ सप्टेंबर

संताप अजून उतरलेला नाही.

आज पाचव्या मजल्याच्या स्लॅबमधून कोअर काढले. मशीनने गोल भोक पाडायचं आणि आतून काँक्रीटचा दंडगोल बाहेर काढायचा. पहिला कोअर धुतला आणि बघतच राहिले. लाल. खडीच्या जागी विटेचे तुकडे! दुसरा काढला, तोही लाल. तिसरा, चौथा, सगळे.

वीट आपल्याकडे कुठं असते हे दुसऱ्या वर्षाच्या पोरालाही कळतं. गच्चीवर, स्लॅबच्या वर, पाणी मुरू नये म्हणून विटांचे तुकडे मांडून कोबा करतात. तिथं ती शोभते. स्लॅबच्या पोटात वीट म्हणजे सरळ चोरी. खडीऐवजी भंगार भरायचं, वरून गिलावा मारायचा आणि मोकळं व्हायचं. मी या विटा ओळखते. पोटात घाण आणि वरून झिलई! आणि जर्मन लोक आम्हाला शिस्त शिकवणार! बांधणाऱ्याचं नाव नकाशाच्या कोपऱ्यात आहे, आउगुस्ट ल्युडर्स. मेला असेल एव्हाना. सुटला.

बुधवार, २० सप्टेंबर

सकाळी एका बैठकीत दोन पानं लिहून काढली. 'सर्व नमुन्यांत विटेचे तुकडे आढळले. ठेकेदाराने जाणूनबुजून हलका माल वापरल्याचं दिसतं. एकाही मजल्याच्या स्लॅबवर भरवसा ठेवता येणार नाही.' साहेबांनी दोनदा वाचलं. मी म्हटलं, प्रयोगशाळेचे आकडे यायला तीन आठवडे लागतील, तोवर हा कच्चा मसुदा समजा. ते चष्मा काढून म्हणाले, "हे बघा, शोध तुमचा आहे. सहीसुद्धा तुमचीच असू द्या. एकटीची."

'आदेशावरून' नाही! नुसतं सुनेत्रा सुरवसे, इंजिनिअर. तीन वर्षांत पहिल्यांदा. मी सही केली आणि कागद दुपारच्या टपालाने मालकांकडे गेला. येताना केक आणला. उर्जाने विचारलं कुणाचा वाढदिवस आहे. विचारलं अर्थात जर्मनमध्ये. पोरगी सात वर्षांची झाली, मराठी सगळं कळतं, उत्तर जर्मनमध्ये देते.

रविवार, २४ सप्टेंबर

दर रविवारप्रमाणे आईचा फोन. बार्शीत पाऊस, शुभदा मावशीचा गुडघा, आणि शेवटी नेहमीचं, "अप्पांकडे देऊ का?" मी म्हटलं भाजी करपतेय. भाजी अजून चिरायची होती.

आता लिहितेच. अप्पा सरकारी ठेकेदार होते. चौऱ्याण्णव साली त्यांनी बांधलेल्या एका खेडेगावातल्या शाळेचा व्हरांडा कोसळला. रविवार होता म्हणून कुणाला लागलं नाही. पेपरात फोटो आला, ढिगारा आणि त्यात विटांचे तुकडे. खाली मथळा, 'ठेकेदाराने वीट भरली, मुलं वाचली.' मी पुण्यात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. सरांनी तो फोटो फळ्याला चिकटवून तासभर शिकवलं, काँक्रीटमध्ये काय नसावं. ठेकेदाराची पोरगी तिसऱ्या बाकावर बसलीय हे त्यांना माहीत नव्हतं. मी वहीत सगळं उतरवून घेतलं आणि परीक्षेत त्या प्रश्नाला पैकीच्या पैकी मार्क मिळवले.

अप्पांना मी कधी काही विचारलं नाही. विचारायचं काय त्यात? फोटो होता.

शनिवार, ३० सप्टेंबर

पेपरात आलंय. मालकांनीच दिलं असणार. 'युद्धानंतरची फसवणूक उघड', लिंडहोफचा फोटो, आउगुस्ट ल्युडर्सचं नाव आणि माझं नाव, स्पेलिंगसकट बरोबर. मल्हारने मोठ्याने वाचलं आणि विचारलं, "टेस्ट आली का?"

"यायचीय."

"मग हे छापलं कसं?"

नवऱ्याने एकदा 'वा' म्हटलं असतं तर काही बिघडलं असतं का?

गुरुवार, ५ ऑक्टोबर

आज एक बाई चालून आली. मी लिंडहोफच्या दुसऱ्या मजल्यावर आणखी कोअर घेत होते. सत्तरीकडे झुकलेली, आखूड पांढरे केस, पायात चिखलाने माखलेले बूट. वॉचमनला न जुमानता जिना चढून समोर उभी राहिली. "फ्राऊ सुरवसे? मी विबके ल्युडर्स. तुम्ही ज्याला चोर म्हणालात, त्याची मुलगी."

मी म्हटलं, इथं हेल्मेटशिवाय येता येत नाही. तिने पिशवीतून स्वतःचं हेल्मेट काढून घातलं!

म्हणाली, "माझ्या वडिलांना जाऊन सत्तावीस वर्षं झाली. ते आता बोलू शकत नाहीत, म्हणून मी आलेय. हे सगळं तपासा. नीट तपासा. आणि जे निघेल ते त्याच पेपरात छापा." मी विचारलं, आणि वाईट निघालं तर? "तर तसं छापा. पण आधी तपासा."

रडली असती, हातापाया पडली असती तर मला कीव आली असती. ही हुकूम सोडत होती. वर म्हणाली, वीट कुठून आली हे माहीत नसेल तर एखाद्या म्हाताऱ्याला विचारा, इथं तेव्हा सगळीकडे वीटच होती. मी म्हटलं, मला कामं आहेत. तळपायाची आग मस्तकात गेली होती. बापावर इतका विश्वास? इतक्या वर्षांनी, इतक्या लाल कोअरनंतरही? आंधळेपणाला काही सीमा! दिवसभर तिचा तो चेहरा डोळ्यांपुढून हलेना. उर्जा स्वैपाकघरात येऊन म्हणाली, "ममा, मिट वेम श्ट्राइटेस्ट डू?" कुणाशी भांडतेयस? मी एकटीच मोठ्याने बोलत होते.

शुक्रवार, १३ ऑक्टोबर

आकडे आले.

काँक्रीट चांगलं आहे. नुसतं चालेल असं नाही, चांगलं. त्रेपन्न साली जेवढी ताकद मागितली होती, त्याहून आज जास्त भरते. रस्त्याकडच्या बाजूला गज थोडे गंजलेत, तेवढी दुरुस्ती करावी लागेल. बाकी आठही मजले उभे राहू शकतात.

वीट आहे आणि ताकदही आहे. हे कसं शक्य आहे? प्रयोगशाळेतल्या माणसाला फोन केला. तो फार अदबीने म्हणाला, "त्सीगलस्प्लिट, फ्राऊ सुरवसे. विटेचा चुरा. बॉम्बने पडलेली घरं जागेवरच दळायचे, चाळायचे आणि त्याचंच काँक्रीट करायचे. खडी आणायला ना रेल्वे होती ना गाड्या. त्या काळातलं निम्मं शहर असं आहे." मग हळूच, "तुम्हाला हे माहीत असेलच."

नव्हतं माहीत. मास्टर्सची दोन वर्षं मी कॉम्प्युटरवर पूल हलवण्यात घालवली. पन्नास वर्षांपूर्वी लोकांनी आपलं पडलेलं घर दळून वर नवं बांधलं, हे कुणी शिकवलं नाही आणि मी विचारलं नाही. मला वीट दिसली आणि बार्शी दिसली. बास, पुढचं डोकं बंद.

सोमवार, १६ ऑक्टोबर

आजचा दिवस आयुष्यात विसरणार नाही.

आकडे घेऊन साहेबांच्या खोलीत गेले. ते फोनवर होते, म्हणून त्यांच्या कपाटापाशी उभी राहिले. तिथं जुन्या जर्मन स्टँडर्ड्सची रांग आहे. खालच्या फळीवर एक पातळ पिवळी पुस्तिका दिसली, १९५१ची. विटेच्या चुऱ्याचं काँक्रीट कसं करावं, किती चाळावं, किती पाणी घालावं. समासात पेन्सिलीने टिपणं. अक्षर डॉ. ब्रांडहोर्स्टचं, पहिल्या पानावर त्यांनी विद्यार्थी असताना घातलेलं नाव.

फोन ठेवल्यावर मी ती त्यांच्यापुढे धरली. "तुम्हाला माहीत होतं."

"मी तुमच्या मतात ढवळाढवळ केली नाही," ते म्हणाले.

"माहीत असताना मला सही करू दिलीत?"

"तुम्हाला सही करायची होती, फ्राऊ सुरवसे."

तोंडात मारल्यासारखं झालं. खरंच होतं ते. केकसुद्धा आणला होता मी.

मग त्यांनी शांतपणे समजावलं. आकडे अहवालाच्या मागे जोडायचे, लहान अक्षरात. पुढची दोन पानं तशीच ठेवायची. 'ताकद पुरेशी, तरी बांधकामाचा दर्जा संशयास्पद', एवढं एक वाक्य घालायचं. चूक कुणाच्या डोळ्यांवर येणार नाही, मालक खूश, आणि माझा नवा करार टेबलाच्या खणात तयार आहे. सुनावणी झाली की सही. "तुमच्या मुलीची शाळा छान चाललीय ना?" असंही विचारलं. या माणसाला तीन वर्षं मी दिवाळीत चकल्या नेऊन दिल्या!

शनिवार, २१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन

पूजा झाली. दोन पणत्या खिडकीत ठेवल्या. मग फराळाचं ताट समोर असताना कडाक्याचं भांडण झालं.

मी मल्हारला सगळं सांगितलं. वाटलं, तो परवान्याचा विचार करेल, म्हणेल गप्प बस. म्हणजे मला त्याच्यावर चिडता आलं असतं. तो म्हणाला, "मागे घे ते. सरळ सांग चुकलं म्हणून. परवान्याचं बघू, नाही जमलं तर परत जाऊ."

"तुला काय जातंय सांगायला? बदनामी माझी होणार. इंजिनिअरला वीट ओळखता आली नाही!"

"त्या ल्युडर्सची आधीच झालीय ना बदनामी?" त्याने चकली ताटात ठेवली. "सुनेत्रा, अप्पांच्या त्या व्हरांड्यावर गच्ची होती ना?"

"होती. मग?"

"म्हणजे कोबा असेल वर. स्लॅब पडला तर कोबापण पडणार. फोटोतली वीट तिथली नसेल कशावरून?"

ताट भिंतीवर जाता जाता राहिलं. लेन्सवाल्याने मला स्लॅब शिकवू नयेत! आत्ता विषय लिंडहोफचा चाललाय, यात अप्पा कुठून आले? याची ही सवयच आहे, भांडण अंगाशी आलं की माझं माहेर मध्ये आणायचं. रागाच्या भरात अख्खा डबाभर शंकरपाळी संपवली मी. आता पोट दुखतंय.

सोमवार, ६ नोव्हेंबर

काही नाही. काम. साहेब गोड. मी गोड. घरी आले की उर्जावर ओरडते. आज तिने माझ्यासाठी दाराला कागद चिकटवला, 'ओरडायला बंदी', लाल रेघ मारलेल्या तोंडाचं चित्र.

शुक्रवार, १७ नोव्हेंबर

जेवायच्या सुट्टीत लिंडहोफमध्ये गेले. काही काम नव्हतं. पाचव्या मजल्यावर आम्ही पाडलेल्या भोकापाशी बसले आणि आत बोट घालून बघितलं. विटेचे तुकडे सगळे एका मापाचे आहेत, नखाएवढे. चाळलेले. इतकी नीट चाळणी चोर कशाला मारेल? हे मला पहिल्याच दिवशी दिसायला हवं होतं. कोअर हातात होता, धुतलेला, स्वच्छ. मी बघितलाच नाही.

गप्प बसायचं आणि करार घ्यायचा, की सांगायचं? सहा दिवस राहिले. बाईचं ते वाक्य मेंदूत घुसलंय, 'आधी तपासा'. मला तिचा राग येतो. मनापासून राग येतो. तिला इतकं ठामपणे उभं राहता येतं याचाच येतो, असंही आज वाटलं. पण ते नीट कळत नाही, म्हणून पुढे लिहीत नाही.

गुरुवार, २३ नोव्हेंबर

सुनावणी. नगरपालिकेची खोली, लांब टेबल, प्रत्येकापुढे पाण्याची बाटली. अध्यक्ष डेंकमालआम्टच्या फ्राऊ डॉ. सायडेल, त्यांच्या शेजारी प्रत्येक शब्द टिपून घेणारा एक लिपिक. एका बाजूला मालकांचे वकील आणि साहेब, दुसऱ्या बाजूला विबके ल्युडर्स. आज बूट स्वच्छ होते.

वकिलांनी माझी दोन पानं वाचून दाखवली. मग अध्यक्षांनी विचारलं, "फ्राऊ सुरवसे, तुम्ही यावर ठाम आहात?" साहेब माझ्याकडे बघून किंचित हसले.

मी म्हटलं, "नाही. मी हे मागे घेते."

पुढचं भराभर बोलले, नाहीतर बोलताच आलं नसतं. इमारत सावरता येते. आकडे मागच्या पानावर आहेत, ते पुढे असायला हवेत. आउगुस्ट ल्युडर्स यांनी चोरी केलेली नाही, त्यांनी तेव्हाच्या नियमाने चांगलं काम केलंय, आणि माझं विधान मी आकडे येण्याआधी केलं. वकील उभा राहिला. म्हणाला, एवढ्या अनुभवी इंजिनिअरने उगाचच 'जाणूनबुजून' हा शब्द लिहिला का? काहीतरी आधार असेलच!

आणि मी चिडले. खोटं नाही, अंगाचा तिळपापड झाला. म्हटलं, "आधार होता. आमच्याकडे स्लॅबमध्ये वीट म्हणजे चोरी. माझे वडील ठेकेदार होते. त्यांची एक शाळा पडली आणि ढिगाऱ्यात वीट निघाली. ती मी विसरले नाही. म्हणून इथं वीट दिसल्यावर मी दुसरं काही बघितलंच नाही."

विबके ल्युडर्सने हात वर केला. अध्यक्षांनी मान डोलावली. तिचा आवाज अजिबात चढा नव्हता.

"आणि तिकडं तपासलं होतं का?"

बारा वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मल्हारने जवळपास तोच विचारला होता, पण नवऱ्याचं कोण ऐकतं. मी म्हटलं, "माहीत नाही."

लिपिकाने तेही लिहून घेतलं.

सोमवार, २७ नोव्हेंबर

पाडायला परवानगी नाही. लिंडहोफची नव्याने तपासणी होईल, दुसऱ्या ऑफिसकडून. हे सकाळी कळलं. दुपारी साहेबांचं पत्र मिळालं, तीन ओळींचं. माझा करार वाढवला जाणार नाही. पुढच्या वाटचालीस शुभेच्छा. सही त्यांची स्वतःची, मोठी, वळणदार.

मी त्यांच्या खोलीत जाऊन कपाटातली ती पिवळी पुस्तिका काढून टेबलावर आपटली आणि म्हटलं, "ही वाचा कधीतरी. समासातलंसुद्धा." जर्मनमध्ये इतकं चांगलं भांडण मी पहिल्यांदाच केलं.

ट्रॅममध्ये मात्र हिशेब सुरू झाला. मार्चनंतर काय? मल्हार फोनवर म्हणाला, न्युरेम्बर्गला अर्ज कर, ब्राउनश्वाइगला कर. करते. आत्ता नाही. आत्ता मी चिडलेली आहे.

रविवार, १० डिसेंबर

काल टपालाने सुनावणीचं प्रोटोकॉल, इतिवृत्त आलं. सात पानं. पद्धत अशी की जो बोलला त्याने आपलं बोलणं वाचायचं, चूक असेल तर शेवटच्या पानावरच्या चौकटीत दुरुस्ती लिहायची आणि सही करून दोन आठवड्यांत परत पाठवायचं.

परिच्छेद चौदा. 'प्रश्न, फ्राऊ ल्युडर्स: भारतातल्या त्या प्रकरणात तपासणी झाली होती का? उत्तर, फ्राऊ सुरवसे: माहीत नाही.'

एवढंच. कुणी सांगितलं होतं हे लिहायला? त्या लिपिकाला काय करायचंय बार्शीशी? सकाळपासून दहा वेळा वाचलं. 'माहीत नाही' खाली माझं नाव छापलंय. मी इंजिनिअर आहे. काँक्रीट तपासणं हे माझं पोट आहे. आणि आयुष्यात ज्या एका स्लॅबने माझी झोप घालवली, तो तपासला होता की नाही, हे मला माहीत नाही.

अकरा वाजता मीच फोन केला. आईने उचलला, पाऊस-गुडघा सुरू करायच्या आत मी म्हटलं, अप्पांना दे. पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"सुनेत्रा? बरी हाईस ना?"

"अप्पा, त्या शाळेच्या स्लॅबची टेस्ट झाली होती का?"

उत्तर त्यांच्याकडे तयारच होतं.

"न्हाई झाली. मी तीनदा अर्ज दिला हुता. तुकडे न्या, तपासा म्हणलं, माझा खर्च घ्या. तिसऱ्या दिवशी ढिगारा उचलून नेला खात्याच्या लोकांनी."

"मग वीट कुठली होती?"

"वरच्या कोब्याची आसंल. आसंल, म्हणतो मी. तपासल्याबिगर मी तरी कसं सांगू?"

मी ओरडले. इतक्या वर्षांचं सगळं त्यांच्यावर काढलं. हे मला का नाही सांगितलं, मी सिव्हिलला होते, मी काहीतरी केलं असतं! उर्जा दारात येऊन उभी राहिली.

अप्पा म्हणाले, "होस्टेलवर पत्र टाकलं हुतं की. चार पानी. अर्जाची नक्कल बी जोडली हुती."

आलं होतं ते पत्र. जाड पाकीट होतं. मी न फोडता फाडून टाकलं होतं.

हे त्यांना सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "आसू दे. पोरगी हाय का तिथं? दे जरा." उर्जाने फोन घेतला, जर्मनमध्ये काहीतरी सांगत राहिली आणि ते पलीकडून "हां, हां" करत राहिले. मी स्वैपाकघरात जाऊन नळ सोडून रडले. रागाने रडले, माझ्यावरच्या.

मग प्रोटोकॉल पुढे ओढलं आणि दुरुस्तीच्या चौकटीत लिहिलं: 'परिच्छेद १४. तपासणी झाली नव्हती. ठेकेदाराने ती तीनदा मागितली होती.' खाली सही केली. ठेकेदाराचं नाव लिहायला चौकटीत जागा उरली नाही, म्हणून बाहेर समासात लिहिलं: दत्तात्रय बारंगुळे, बार्शी. माझे वडील.